सहा दशकांची प्रेमगीतं आणि एक बंद दार

रेडिओ केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर, तबकड्यांच्या खोलीत सुईकाका बत्तीस वर्षं बसले होते, आणि या बत्तीस वर्षांत त्यांनी तबकडीवर सुई टेकवल्याचा आवाज कुणाच्या कानावर पडला नव्हता. तान्ह्या पोराच्या गालावरचा केस बाजूला करावा इतक्या हळुवारपणे ते सुई ठेवत. म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथंच राहिलं.

काकूंना मात्र या हळुवारपणाचा वीट आला होता. टपालवाल्याशी, न्हाव्याशी, जिन्यात भेटलेल्या परक्या माणसाशी काका तासन् तास गप्पा हाणत. पण बायकोशी दोन शब्द जिव्हाळ्याचे बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. मग ते मुकाट्यानं केंद्रात यायचे आणि एक गाणं लावायचे. काकूंनी स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ते ऐकायचं आणि समजायचं ते समजायचं. भांडण मिटवायला गाणं. मुलगी झाली तेव्हा गाणं. काकूंची आई गेली त्या दिवशी तर काका चार तास उशिरा पोचले, गाणं मात्र अगदी वेळेवर आलं.

मंगळवारी काकूंनी ट्रंक भरली.

"मी मुलीकडे चालले," त्या म्हणाल्या. "कायमची. रविवारी संध्याकाळी सहाची बस आहे."

काका बुटाची नाडी बांधत होते. ती त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

"अहो, मी काय म्हणतेय? मला थांबवायचं असेल तर साडेपाचला स्टँडवर या आणि आपल्या तोंडानं सांगा. गाणं पाठवू नका. गाणं पाठवलंत, तर तुम्ही मला जा म्हणालात असं मी धरून चालेन."

"हं," काका म्हणाले. एवढं बोलायलासुद्धा त्यांना दोनदा खाकरावं लागलं.

आता नेमका त्याच रविवारी केंद्रावर मोठा कार्यक्रम होता. 'सहा दशकांची सर्वश्रेष्ठ प्रेमगीतं', दुपारी दोन ते सात. श्रोत्यांनी इतकी पत्रं पाठवली होती, की ती आणणाऱ्या टपालवाल्याला पाठीला पट्टा बांधून घ्यावा लागला. आणि ऐन शनिवारी निवेदकाचा घसा बसला. या निवेदकाला सगळे मधाळ म्हणत. बातम्या वाचल्या तरी बायकांना वाटे, आपल्याला मागणी घालतोय. त्या मधाळचा आवाज गेला, तसं ठरलं, की निवेदन नकोच, गाण्यामागून गाणं लावायचं. माइक तरी मोकळा कशाला ठेवायचा, म्हणून तो दुरुस्तीला धाडला. काकांनी मधाळशी बोलून ठेवलं होतं: पाच वाजता त्यानं यायचं, पुढची गाणी लावायची आणि काकांनी स्टँड गाठायचा. पायी वीस मिनिटं.

दोन वाजता गाणी सुरू झाली. पहिल्या दशकातले प्रेमिक नाकात गात, आणि एकमेकांपासून दहा हात लांब उभे राहून गात असावेत असं वाटे. दुसऱ्या दशकात व्हायोलिनं आली आणि विरहाला ऊत आला. तिसऱ्यात सगळे डोंगरावर जाऊन ओरडू लागले. काकांना दुसरं दशक प्रिय. त्यातल्या एका गाण्यात कडवं सुरू होण्यापूर्वी गाणारी बाई किंचित श्वास घेते. तो श्वास ऐकायला काका जेवण सोडून बसत.

त्या श्वासानंच घात केला. साडेचारच्या सुमाराला श्रोत्यांच्या आग्रहाखातर हे गाणं पुन्हा लागलं आणि बाहेरच्या व्हरांड्यात रंगाऱ्यांनी परांची ठोकायला घेतली. ठाक, ठाक! काकांचा जीव कासावीस झाला. तो श्वास ठोकाठोकीत बुडणार! दार उघडं राहावं म्हणून लावलेली लाकडी पाचर त्यांनी पायानं उडवली. वीतभर जाडीचं, आत लोकर आणि बूच ठासलेलं दार धप्पकन लागलं. बाहेर आपोआप लाल दिवा पेटला. आत शांतता.

बाई श्वास घेऊन कडव्यावर गेली, आणि मग काकांच्या डोक्यात दोन गोष्टी शिरल्या. एक, खोलीत माइकच नव्हता. बाहेर तोफा डागल्या असत्या तरी श्रोत्यांना त्याचा पत्ता लागला नसता. दोन, दाराची आतली मूठ गेल्या वर्षीच निखळली होती, म्हणून तर पाचर होती.

'हरकत नाही,' काका स्वतःशी म्हणाले. 'पाचला मधाळ येईल.'

पाच वाजले. सव्वापाच वाजले. मधाळ आला नाही. म्हणजे आला होता, असं नंतर कळलं. पण लाल दिवा जळत असताना दाराला हात लावायचा नाही हा केंद्राचा पहिला नियम. मधाळ पाच मिनिटं घुटमळला. रंगाऱ्यांच्या रेडिओवर एकापेक्षा एक सरस गाणी लागत होती. "काका रंगात आलेत," तो फुटक्या आवाजात म्हणाला. "कशाला मोडता घाला?" आणि गुळण्या करायला घरी निघून गेला.

आत काकांनी दारावर थापा मारल्या, लाथा घातल्या, खुर्ची आपटली. दारानं सगळं पोटात घातलं. खिडकी नव्हती. फोन नव्हता, तो मध्येच वाजेल म्हणून काकांनीच एकदा अर्ज करून काढायला लावला होता. मोबाइल तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. खोलीतून बाहेर जाणारी एकच वाट होती, तबकडीतून निघून थेट साऱ्या गावाच्या रेडिओत शिरणारी.

'मग गाण्यातूनच सांगू!' काकांना वाटलं. त्यांनी यादी फेकून दिली आणि कपाटं उपसली.

पहिलं गाणं निवडलं त्यात बाई रडून सांगत होती, की दार लागलंय, कुणीतरी उघडा. अडाण्यालाही कळेल इतकं स्वच्छ. खाली फाटकाशी पहारेकऱ्यानं ते ऐकलं, डोळे पुसले आणि बाजूच्या पानपट्टीवाल्याला म्हणाला, "काय काळजाला हात घालतात हो आपले काका!"

काकांनी दुसरं लावलं. चौथ्या दशकातलं, गिटारवालं. त्यात तरुण ओरडत होता, मी कैदी आहे, कैदी आहे, आठ वेळा कैदी आहे. भर बाजारात न्हाव्यानं वस्तरा थांबवला आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच उठून, सोडून गेलेल्या बायकोला आणायला सासुरवाडीला गेलं. तिसरं लावलं ते पाचव्या दशकातलं, ढोलकीऐवजी यंत्र बडवणारं: माझा श्वास कोंडतोय. ते ऐकून सात वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोन जावांनी जिन्यात गळ्यात गळे घातले. चौथं होतं सहाव्या दशकातलं, त्यात तर नुसतं ये, ये, लवकर ये. सगळा गाव विरघळला. फक्त वर येऊन दार उघडावं हे एकाच्याही मनात आलं नाही.

काका घामानं निथळत भिंतीला टेकले. साठ वर्षांत माणसांनी किती गाणी रचली, आणि ज्याच्या त्याच्या गाण्यात माणूस कोंडलेला! खरोखर कोंडलेल्या माणसानं आता बोलायचं कुठल्या शब्दांत?

मग त्यांची नजर घड्याळाकडे गेली. पाच पस्तीस.

स्टँडवरच्या चहावाल्याकडे कर्णा होता. दिवसभर हेच केंद्र लावलेलं असे. काकू ट्रंकेवर बसून ऐकत असणार. दार उघडा, मी कैदी, श्वास कोंडतोय, ये. 'गाणं पाठवू नका' म्हणाली होती ती. त्यांनी एक सोडून चार पाठवली होती!

'मधाळनं लावली असं समजेल,' त्यांनी मनाची समजूत घातली. पण नाही. मधाळ सुई ठेवायचा ती पाटा आपटल्यासारखी. गाण्याआधी धप्प ऐकू यायचंच. काकूंचा कान बत्तीस वर्षांत तयार झालेला. चारही गाण्यांआधी काही म्हणजे काही वाजलं नव्हतं. नवरा कुठं बसलाय हे तिला त्या न वाजण्यावरूनच कळलं असणार.

दुसऱ्या तबकडीयंत्रावर पुढचं गाणं तयार होतं. काकांनी सुई उचलली. आपटायची, बस्स. मधाळसारखी. निदान तिला वाटेल, की आपण निघालोय, वाटेत आहोत. त्यांनी हात वर नेला, दात आवळले आणि सोडली. हातानं ऐनवेळी दगा दिला. सुई पिसासारखी टेकली. नवं गाणं सुरू झालं. पाचवं.

"अरे नालायका!" काका आपल्याच हातावर ओरडले.

पाच बेचाळीस. तिकडे हमाल बसच्या टपावर ट्रंका चढवत असतील. काका खाली बसले. गाणं चालू होतं. ते संपलं की दुसरं लावायचं, ते संपलं की तिसरं. गाणं कधी थांबू द्यायचं नाही. बत्तीस वर्षांत त्यांनी दोन गाण्यांमध्ये तीन सेकंदांची फट पडू दिली नव्हती. फट पडली की तळमजल्यावरच्या यंत्रज्ञासमोरचा आवाजाचा काटा शून्यावर येतो आणि तो बोंबा मारत वर...

काका उभे राहिले.

इतकी साधी गोष्ट तासभर सुचली नव्हती. कशी सुचावी? स्वयंपाक्याला उपाशी राहायचं कधी सुचतं का?

गाणं मधोमध होतं, गाणारा तान घ्यायच्या बेतात. काकांनी डोळे मिटले आणि सुई उचलली.

गावावर शांतता पडली. पहारेकऱ्यानं आपल्या रेडिओला दोन चापट्या मारल्या. रस्त्यावर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. काही जण तर म्हणतात, तेव्हा बाजारातली कबुतरंही चालता चालता जागच्या जागी थांबली. खोलीत काकांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

चौथ्या मिनिटाला दार उघडलं. यंत्रज्ञ एका पायात चप्पल, एक हातात.

"काका! मला वाटलं, तुम्ही गेलात!"

"चाललोच आहे," काका म्हणाले आणि त्याला बाजूला सारून पळत सुटले. मागून तो ओरडला, "अहो, मग गाणं कोण लावणार?" काकांनी मागं पाहिलं नाही.

तीन मजले उतरून, धापा टाकत ते फाटकाशी आले तेव्हा सहाला दहा कमी होते. स्टँड वीस मिनिटांवर. हिशेब जमतच नव्हता. तरी ते रस्त्यावर उतरले, आणि दहा पावलांवर थबकले.

समोरून सायकलगाडी येत होती. गाडीत ट्रंक, आणि ट्रंकेवर काकू.

"थांब रे," त्या गाडीवाल्याला म्हणाल्या. काकांकडे त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. शर्ट घामानं चिकटलेला, गुडघे धुळीनं माखलेले.

"चौथ्या गाण्याला निघाले," त्या म्हणाल्या. "तोंडावर सांगायला, की तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. मग वाटेतच दुकानादुकानांतल्या रेडिओवरचं गाणं एकाएकी थांबलं." त्यांनी ट्रंकेची कडी उगाच खाली-वर केली. "मला वाटलं, संपलं सगळं. तुम्ही जिवंत असताना गाणं थांबायचं नाही."

"मी... दार..." काका म्हणाले.

"बोला ना."

काकांनी तोंड उघडलं. साठ वर्षांतली गाणी जिभेच्या टोकाशी येऊन दाटीवाटीनं उभी राहिली, एकालाही बाहेर पडायला जागा नाही. आता दार नव्हतं, भिंत नव्हती, आणि तरी ते तिथल्या तिथं अडकले होते.

इतक्यात पहारेकऱ्याचा रेडिओ खरखरला. धप्प! यंत्रज्ञानं कुठलंसं गाणं लावलं होतं. व्हायोलिनं, विरह, सगळं जागच्या जागी. काकूंचा चेहरा मिटला.

काका तरातरा गेले आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

"अहो काका, माझं आवडतं आहे ते!" पहारेकरी म्हणाला.

"गप्प बस जरा," काका म्हणाले, आणि वळून बायकोसमोर येऊन उभे राहिले. गाडीवाल्यानं एक विडी ओढून संपवली.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "त्या खोलीत फार उकडतं."

काकूंनी ट्रंकेवर थोडं सरकून जागा केली.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढे?"