विधानसभेत रत्नाचं नाव

आमदारांची गाडी फाट्यावरून वळली, तसा बँडमास्तर बन्सीलालने हात वर केला आणि ट्रम्पेटं वाजू लागली. तोतारामच्या हातातले खुळखुळे मात्र हललेच नाहीत. ते ढोलावर ठेवून तो रांगेतून बाहेर पडला.

"तोताराम! कोठे चालना रे?" बन्सीलाल ओरडला.

एके काळी एरंडोल तालुक्यातल्या लग्नांत लोक तोतारामच्या क्लॅरिनेटची फर्माईश करायचे. मग त्याला टीबी झाला. औषध वेळेवर मिळत गेलं म्हणून तो वाचला. पण एक फुप्फुस आकसलं आणि क्लॅरिनेट सुटलं. खुळखुळ्यांना दम लागत नाही, म्हणून बन्सीलालने त्याला ठेवून घेतलं होतं.

आता त्याची बायको, रत्ना, त्याच दुखण्याने पडली होती. गोळ्यांनी ताप उतरला होता, ती निंदणीला जायचं म्हणू लागली होती. एक दिवस आरोग्य केंद्रातल्या सुलक्षणा सिस्टरने गोळ्यांचं रिकामं कपाटच उघडून दाखवलं.

"वरूनच आल्या नाहीत हो, तोतारामभाऊ. रोज फोन करतेय मी."

जळगावच्या दुकानांतही त्या गोळ्या मिळाल्या नाहीत. रत्नाच्या खोकल्यातून पुन्हा रक्त पडू लागलं.

आमदार आले होते टीबीच्या रुग्णांना आहाराच्या पिशव्या वाटायला. मागे 'क्षयमुक्त गाव' असा फलक होता. तोताराम बँडच्या लाल कोटातच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"भाऊ, मन्ही बायकोले टीबी शे. केंद्रवर दवाई नही."

"पिशवी मिळाली ना त्यांना?"

"भेटनी. शेंगदाणा शेतस, दाळ शे. दवाई नही."

कुणीतरी त्याचा कोट मागे ओढला. आमदार जरा ओशाळून म्हणाले, "औषधं दिल्लीहून येतात, दादा. माझ्या हातात काय आहे?"

"हातमा नही, भाऊ. पन तुमले तोंड ते शे ना! जठे बठ्ठा आमदार बठतस, तठे बोला. दवाईना पैसा आधी ठेवा म्हना. माले येळवर दवाई भेटनी, म्हनीसन मी आठे उभा शे."

एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली. दोन कार्यकर्ते झटकन मागे सरले. आमदार जागचे हलले नाहीत.

"नाव काय त्यांचं?"

"रत्ना."

आमदारांच्या सहायकाने, भूपेंद्रने, मोबाइलवर नाव टिपून घेतलं आणि तोतारामचा नंबरही.

घरी येऊन त्याने सांगितलं, तेव्हा रत्ना पदर तोंडाला लावून हसली. "मन्हं नाव सांगं? आमदारले?" हसताहसता तिला धाप लागली. त्या दिवशी तिने अर्धी भाकरी खाल्ली.

कापूस फुटला तेव्हा ती गेली. नागपूरचं अधिवेशन अजून सुरू व्हायचं होतं.

हिवाळ्यात एका दुपारी भूपेंद्रचा फोन आला. "भाऊ बोलले सभागृहात! व्हिडिओ पाठवलाय, बघा."

तोताराम ओट्यावर बसला. शेजारी रत्नाची आई भिकुबाई कापसातली पत्ती वेचत होती. मोबाइलमध्ये आमदार उभे होते. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या रत्नाबाई आजही औषधाची वाट पाहत आहेत. टीबीसाठीचा निधी आटू देऊ नका."

भिकुबाईचे हात थांबले. "ती ते गई ना! सांग त्यासले."

तोतारामने फोन लावला.

"पाहिलंत ना?" भूपेंद्र उत्साहात होता. "ताई कशा आहेत आता?"

तोतारामने उलट विचारलं, "बाकीसले भेटी ना दवाई?"

"मंत्री म्हणाले, बघतो. भाऊ मागे लागलेत."

"मंग तिले वाट पाहू द्या," तोताराम म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

भिकुबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग हातातला कापूस बाजूला ठेवून ती जवळ सरकली.

"तो व्हिडिओ परत लाव," ती म्हणाली. "तिनं नाव येस तठपर्यंत."