होड्या काठ सोडतात तेव्हा

अजेय सरपोतदार रेल्वेत अधिकारी होता आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं, असा त्याचा पक्का समज होता. मुलगी वैदेही शाळेच्या शनिवारच्या नदीवर्गात चिखलात उभी राहून भरती-ओहोटीच्या नोंदी करते, हे त्याला मुळीच पटत नव्हतं. नववीचं वर्ष! नदी बघून मार्क पडतात होय? तिला त्या वर्गातून काढून घेण्याचा अर्ज त्याने लिहून खिशात ठेवला होता.

अनंत चतुर्दशीला दुपारी बापलेक गणपती घेऊन गार्डन रीच भागातल्या नदीच्या घाटावर आली. ओहोटीने पाणी पार खाली गेलेलं. अजेय शेवटची निसरडी पायरी उतरून गुडघाभर पाण्यात शिरला. एवढ्यात काठाच्या होड्या दोर सोडून भराभर नदीच्या मध्याकडे निघाल्या.

"बरं झालं, जागा झाली," तो म्हणाला.

"बाबा, वर चला! भरतीची मोठी लाट येते आहे! होड्या मध्ये गेल्या की आपण पळायचं, मिसने दाखवलंय!"

"तीनदा बुडवायचा असतो. गप्प उभी राहा."

वैदेहीने पाण्यात उडी घेतली आणि त्याच्या हातातला गणपतीच ढकलून दिला. अजेयचं डोकं फिरलं. त्याने तिला अशी थोबाडीत दिली की ती पायरीवर आपटली आणि तिचा ओठ फुटला. पण पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली. उठली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. तो दुसऱ्या हाताने पाठीत बुक्के घालत होता, पण ती दात सोडेना. ओरडत, शिव्या देत, तिच्यामागे फरफटत तो दहा-बारा पायऱ्या चढला.

मग खालून गडगडाट आला. मातकट पाण्याची भिंत घाटावर आदळली. मागे राहिलेली एक होडी तिने उचलली आणि अजेय उतरला होता त्याच पायरीवर आपटून तिच्या फळ्या केल्या. पाणी कमरेपर्यंत चढलं, ओढू लागलं. वैदेहीने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने बापाची कॉलर.

पाणी उतरलं तेव्हा खिशातल्या अर्जाचा लगदा झाला होता. मनगटातून रक्त ठिबकत होतं. तिच्या गालावर त्याची पाचही बोटं उमटली होती.

अजेयला रडू फुटलं. त्याने तो गाल कुरवाळायला हात पुढे केला, तशी वैदेही दचकून मागे सरली.