पडीक रानातली चाकोरी

या, असे जवळ या. मागच्यांनीही थोडं पुढे सरकावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. आभाळात फुगा दिसला की आपण सगळे माना वर करून बघतो. आज त्या फुग्याच्या मागे जमिनीवरून धावणाऱ्या एका बापाची कथा ऐका. ऐकताना रडू आलं तर येऊ द्या. ज्याने वारा दिला, डोळ्यांतलं पाणीही त्यानेच दिलं आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक साहस शिबिर होतं. शहरातली माणसं तिथे यायची, तंबूत झोपायची, दोराला लटकून ओढा ओलांडायची, कोपर-गुडघे सोलून घ्यायची आणि जाताना वर मालकीणबाईंचे आभार मानायची. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांना फुग्यात बसवून वर नेत. गरम हवेचा मोठा फुगा, खाली वेताची टोपली, मध्ये ज्वाळा फेकणारा बर्नर. हा फुगा चालवायची शिबिराच्या ड्रायव्हरची एकुलती एक मुलगी.

आता फुग्याला काही सुकाणू नसतं. वर एक वारा वाहतो, त्याच्या खाली दुसरा, जमिनीलगत तिसराच. चालवणाऱ्याने वरखाली होऊन आपल्याला हवा तो वारा धरायचा, बाकी सगळं देवाच्या हाती. कुठे उतरणार हे कुणालाच आधी ठाऊक नसतं, म्हणून खालून एक गाडी मागे ठेवावी लागते. उतरताना दोर धरायला, टोपली आवरायला, माणसांना परत आणायला. ती गाडी बापाची. मुलगी आभाळात, बाप तिच्या सावलीमागे.

त्या दोघांची कामाची एक रीत होती, ती दुसऱ्या कुणाची नव्हती. मुलगी उतरायच्या बेतात आली की बाप पुढे जाऊन मोकळी जागा गाठायचा आणि तिथे पिकअप गोल गोल फिरवायचा. धुरळा उठायचा. तो ज्या अंगाला कलेल त्यावरून मुलीला वरून कळायचं, जमिनीवर वारा कुठला आहे. कळलं की ती बर्नरच्या दोन छोट्या ज्वाळा सोडायची, म्हणजे, बाबा, दिसलं. गाडीत वॉकीटॉकी होता, पण तो हातमोज्यांच्या खोक्यात तळाला. ह्या धुरळ्यामुळेच शिबिरात सगळे बापाला धुरळाकाका म्हणत. गाडीच्या काचेवर बोटभर डाग खपवून न घेणाऱ्या माणसाला हे नाव, यात काकांचा अर्धा अपमान होता आणि अर्धा मान.

उतरायला मुलीची लाडकी जागा म्हणजे उंच झाडांच्या रांगेपलीकडचं पडीक रान. झाडांमागे ती फुगा इतका खाली आणायची की खालून दिसेनासा व्हायचा. तिथे ओढ्यावरून सकाळची थंड हवा हळूहळू सरकत असते. ती हवा तिला सापडली होती. दावं धरून गाय घरी आणावी तशी ती हवा फुग्याला रानात आणून सोडायची. फुगा झाडांमागे बुडाला की काका वर न बघता रानाकडे वळायचे.

ह्याच रानात मुलीने आईलाही गाडी शिकवली. आधी काकांनी शिकवून पाहिलं होतं. त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी की तिसऱ्या दिवशी काकू गाडीतून उतरून तरातरा शिबिराच्या स्वयंपाकघरात गेल्या, तिथलं काम त्यांच्याकडेच होतं, आणि पुढे कितीतरी जेवणं काकांच्या ताटात मीठ पडलं नाही.

तर अशी ही मुलगी. शिबिर बंद असतं त्या दिवसांत तिला ताप आला. साधा वाटला. तो साधा नव्हता. कोसळायचं तर आभाळातून कोसळेल ही भीती आईने उरात बाळगली होती, आणि मृत्यू आला तो अंथरुणाशी. देवाच्या मनात काय असतं, ते आपण विचारू शकतो. उत्तर आलंच तर ते ऐकायला काळीज लागतं, आणि काकांचं काळीज तेव्हा जागेवर नव्हतं. ते रडले नाहीत. रोज गाडी धूत राहिले.

शिबिर पुन्हा सुरू झालं तेव्हा नवा पायलट आला. तरुण, नाकासमोर चालणारा, दहादा दोर तपासणारा. त्याने काकांना नीट सांगितलं की वॉकीटॉकी चालू ठेवा, मी बोलेन तिकडे या. काकांनी मान डोलावली आणि वॉकीटॉकी खोक्यात टाकला. मुद्दाम नाही. हाताला तीच सवय होती.

पहिल्या फेरीला एका इस्पितळातल्या नर्स आल्या होत्या. त्यांच्यातली थोरली सिस्टर अंगाने भरलेली. टोपलीत चढताना तिने पायलटला बजावलं की हे वर गेलं नाही तर खापर माझ्यावर फोडायचं नाही. सगळ्या हसल्या. काकाही हसले. ज्वाळा भडकली, फुगा उठला, आणि काका नेहमीसारखे मागे निघाले.

झाडांच्या रांगेपाशी फुगा खाली आला आणि झाडांमागे दिसेनासा झाला.

पायलट फक्त वारा चाचपत होता. काही न मिळताच तो पुन्हा वर चढला आणि खडीच्या खाणीकडे वाहत गेला. काकांनी ते पाहिलंच नाही. झाडांमागे फुगा बुडाला एवढं त्यांना पुरे झालं. ते रानात शिरले आणि गाडी फिरवू लागले. धुरळा उठला. सरळ उभा राहिला, मग ओढ्याकडे कलला. काका फिरवत राहिले. मनात एकच, की आता दोन ज्वाळा येतील. खोक्यात, हातमोज्यांच्या खाली, पायलट त्यांना हाका मारत होता.

फुगा खाणीपलीकडे दगडाळ जागेत उतरला. दोर धरायला कुणी नाही. टोपली कलंडली, फरफटत गेली, आणि थोरल्या सिस्टरचं मनगट मोडलं. तिने स्वतःच ओढणीने हात बांधून घेतला आणि बाकीच्यांना शांत केलं. माणसं चालत शिबिरात आली तेव्हा काका अजून रानात होते.

दुपारी मालकीणबाईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत, ते काकांना जास्त लागलं. माणसांच्या जिवाशी गाठ आहे, तुम्ही आता फाटकावर बसा, असं त्या म्हणाल्या. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, शिक्षा द्या, दुसरी कुठलीही द्या, पण फुग्याच्या मागे दुसरं कुणी जायला नको. मालकीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. त्या मुलीला त्यांनीच पहिल्यांदा टोपलीत चढवलं होतं.

पायलट दाराशी उभा होता. त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"मी एवढा बोलावत होतो. एकदा तरी उत्तर द्यायचं."

"तिला बोलावं लागायचं नाही," काका म्हणाले.

 मग काका सिस्टरच्या तंबूत गेले आणि तिच्या पायांशी वाकले. तिने चांगल्या हाताने त्यांना धरून उठवलं आणि म्हणाली, माझं हाड जुळेल हो, तुमचं बघा.

घरी काकू भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही चुकून गेला नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिला आणायला गेलात. मीपण रोज ताट जास्तीचं घेते आणि परत ठेवते. पण माझ्या ताटाने कुणाचा हात मोडत नाही."

काका तिथेच भिंतीला टेकून बसले आणि तेव्हा कुठे रडले.

दुसऱ्या दिवशी पायलट स्वतः घरी आला आणि मालकीणबाईंकडून मागून आणलेली गाडीची किल्ली त्याने काकांपुढे ठेवली. ओढ्यावरची ती हवा मला दाखवा, म्हणाला, पण खालून नाही, वरून. काका आयुष्यात टोपलीत बसले नव्हते. मग गाडी कोण नेणार? काकूंनी पदराला हात पुसले आणि हात पुढे केला. काकांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

सकाळी फुगा उठला. जमीन पायाखालून निघून गेली तेव्हा काकांनी टोपलीची कड घट्ट धरली. वर किती शांत असतं, हे मुलीने सांगितलं होतं. त्यांना ते पटलं नव्हतं. मग त्यांना खाली एक बारीक, धिमी, जराशी वाकडी धुळीची रेघ दिसली. काकूंची गाडी. इतकी लहान की फुंकरीने विझेल. आणि त्यांच्या ध्यानात आलं, इतकी वर्षं पोरीला आपण असे दिसत होतो. एवढंसं माणूस, आणि त्याच्या भरवशावर ती आभाळात हसत फिरायची.

झाडांच्या रांगेमागे पायलटने फुगा खाली घेतला. काका म्हणाले, अजून. अजून थोडा. पण त्या दिवशी ओढ्यावर ती हवा नव्हतीच. कदाचित पोर तिला नावाने हाक मारून आणत असेल. फुगा वर उचलला गेला आणि पडीक रानावरून पुढे सरकू लागला.

तेव्हा काकांना ती दिसली. मातीत उमटलेली चाकोरी, एकात एक गोल, परवाचे. किती वेळ फिरलो आपण. आणि त्या गोलांच्या कडेला काकू गाडी थांबवून खाली उतरल्या होत्या, डोळ्यांवर हात धरून वर बघत. त्यांना वाटलं होतं, इथेच उतरणार. त्या हलत नव्हत्या.

काकांनी पायलटकडे पाहिलं. त्याने बर्नरचा दांडा त्यांच्या हाती दिला. काकांनी दोन छोट्या ज्वाळा सोडल्या. खाली काकूंनी पदर तोंडाला लावला. फुगा पुढे गेला तरी त्या तिथेच. रान मागे पडत होतं.

मग काकांनी टोपलीतला वॉकीटॉकी उचलला. कळ दाबायला त्यांना वेळ लागला.

"अगं," ते म्हणाले, "तिथे थांबू नकोस. ती तिथे उतरणार नाही. तू पुढे ये."

खाली काकूंनी गाडीतला वॉकीटॉकी उचलला. मग काकूंचा आवाज आला.

"येते."

आणि धुळीची रेघ पुन्हा चालू लागली.

इतकीच कथा. आता तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी आभाळात फुगा दिसला, तर क्षणभर नजर खाली आणा आणि त्याच्या मागे धावणारी गाडी शोधा. धुरळा दिसला की हात जोडा आणि त्या पोरीची आठवण काढा. नाव माहीत नसलं तरी चालेल. ज्याच्याकडे ती उतरली, त्याला ते माहीत आहे.