बारा नंबरच्या खिडकीखालच्या खुंट्या

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुरकुर नको. चाळीस घरांची माणसं, त्यांत एक असा की ज्याच्या शिंकेनं पलीकडच्या गल्लीतली कपाटं उघडतात, ती सगळीच्या सगळी एका शनिवारी दुपारी सव्वा तास गप्प बसली. कुणी मेलं नव्हतं. कुणी दम दिला नव्हता. एक बाई झोपली होती, एवढंच.

ती बाई म्हणजे बारा नंबरची सिस्टर. मोठ्या इस्पितळात कायमची रात्रपाळी. नऊ वर्षं ती दिवसा झोपत आली होती आणि तिच्या खिडकीचा जाड निळा पडदा नऊ वर्षांत कुणी सरकलेला पाहिला नव्हता. घरात ती आणि तिची आई. आईला कमी ऐकू यायचं, त्यामुळे घरातली शांतता तिच्या वाट्याची फुकटच जायची.

खिडकीखाली बाग. बाग म्हणायची ती आपली रीत. चारी बाजूंना घरं, मध्ये जमिनीचा एक तुकडा, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दोन धड आणि एक लंगडा बाक, आणि गवत असं की त्यात आजोबाचा हरवलेला चेंडू नातवाला सापडायचा. या बागेचा कायापालट करायचं नगरपालिकेनं ठरवलं, आणि तेही रहिवाशांना विचारून. त्यासाठी मोजणीदार आला. किडकिडीत माणूस, कानामागे पेन्सिल, आणि नियमाला इतका पक्का की स्वतःच्या सावलीलासुद्धा रांगेत उभं करील.

त्याची रीत अशी. दर घराला एक लाकडी खुंटी. तिच्यावर घराचा नंबर आणि हवी ती वस्तू लिहायची. मग एकेका घरानं एकट्यानं बागेत जायचं आणि ती वस्तू जिथं हवी तिथं खुंटी ठोकायची. एकटं अशासाठी, की कुणाचं कुणावर दडपण नको. ज्याची खुंटी त्यानंच हलवायची, दुसऱ्यानं बोटही लावायचं नाही. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पाचला मोजणीदार फीत घेऊन येणार, जिथं खुंटी तिथं नकाशावर टिंब देणार, आणि ते टिंब पुढची वीस वर्षं कुणाच्या बापाच्यानं हलणार नाही.

नियम चांगला होता. माणसं नियमापेक्षा हुशार निघाली.

झोका प्रत्येकाला हवा होता, फक्त आपल्या खिडकीखाली नको होता. शेजाऱ्याच्या खिडकीखाली ठोकावा तर शेजारी गजांना नाक लावून उभा. मग हातातली हातोडी तोलत माणूस चहूकडे बघायचा आणि नजर जाऊन टेकायची ती बारा नंबरच्या निळ्या पडद्यावर. तिथं कुणी उभं नाही, कुणी बघत नाही, म्हणजे तिथं कुणाला त्रास नाही. पहिलीनं ठोकली. दुसऱ्याला वाटलं, एक आहेच, माझी काय जड होते? दहावा म्हणाला, एवढे लोक काय वेडे आहेत, जागाच चांगली असणार. तो पडदा दिवसा का ओढलेला असतो ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. पण त्या चार मिनिटांत, हातात हातोडी असताना, कुणालाच आठवलं नाही.

आठवडाभर ती ठकठक सिस्टरच्या झोपेत येत होती. कुणाचं तरी प्लॅस्टर फोडताहेत, असं तिला स्वप्नात वाटायचं. शनिवारी ती लागोपाठ दोन पाळ्या करून दुपारी बाराला घरी आली आणि चपलेसकट आडवी झाली. दोन वाजता पुन्हा ठकठक. या वेळी प्लॅस्टर काही फुटेना. ती उठली आणि तिनं पडदा सरकवला.

खाली तेवीस खुंट्या होत्या. झोका, झोका, घसरगुंडी, बॅडमिंटन, सी-सॉ, व्यायामाचं यंत्र, पुन्हा झोका. चोविसावी ठोकणं चालू होतं. ठोकणारा होता रेडिओ, म्हणजे ज्याच्या शिंकेची गोष्ट मघाशी निघाली तो.

"उठलात का सिस्टर," तो म्हणाला. कुजबुजल्यासारखं म्हणाला, म्हणून फक्त तीन घरांना ऐकू गेलं.

"काय ठोकताय?"

"स्पीकर. सकाळ-दुपार मंद संगीत."

"माझ्या उशीशी?"

"अहो, मंद म्हणतोय ना."

"मग तुमच्या घरासमोर ठोका."

"आमच्या हिचं डोकं दुखतं." रेडिओनं शेवटचा घाव घातला. "कानात कापूस घालत जा. तुमच्याकडे तर पोत्यानं असेल."

सिस्टरनं हसायचा प्रयत्न केला. पण तो जमला नाही, आणि त्याचं कारण तेव्हा वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या मंगळवारी पहाटे, झोप अपुरी झालेली असताना, तिनं एका म्हाताऱ्याच्या इंजेक्शनसाठी भलतीच बाटली उचलली होती. सुई भरून झाली होती. पाळीवरच्या जोडीदारणीनं वरच्यावर मनगट धरलं म्हणून तो म्हातारा सोमवारी पायी घरी जाणार होता. जोडीदारीण कुणाला बोलली नाही. सिस्टर तेव्हापासून प्रत्येक बाटलीवरचं नाव तीनतीनदा वाचत होती, आणि तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं पोहायला लागायची. रोजची पाच तासांची झोप, तेवढीच काय ती त्या बाटलीच्या आणि तिच्या मध्ये उभी होती. तिच्या उशाशी आता दहा झोके येणार होते. घर सोडून जाणं तिच्या हातात नव्हतं. आईला हातभरापलीकडचं धूसर दिसायचं, ती या घराच्या भिंती चाचपत चालायची. दुसऱ्या घरात तिनं चाचपायचं तरी काय?

सिस्टर तोंड धुऊन दारोदार निघाली. सगळीकडे एकच पाढा. "माझी एकच तर आहे हो. आधी बाकीच्यांना सांगा, त्यांनी काढल्या की आम्ही आहोतच." बाकीच्यांना विचारावं तर ते याच्याकडे बोट दाखवायचे. सव्वातीन झाले. उरल्या त्या सात नंबरच्या मोठ्या काकू. घसरगुंडीची पहिली खुंटी त्यांची, आणि वस्तीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या वळल्या तर बाकीचे वळतील.

"काकू, टाकीमागं जागा मोकळी आहे. घसरगुंडी तिकडं घेतलीत तर..."

"टाकीमागं माझं स्वयंपाकघर आहे."

"पण तुम्ही रात्री झोपता ना."

"आणि दिवसभर ओट्याशी उभी राहून कलकलाट ऐकू? तुला काय गं, पोर ना बाळ. माझ्याकडे पाच नातवंडं आहेत. त्यांनी काय माझ्या डोक्यावर घसरायचं?"

"खेळू देत की त्यांना. मी नको कुठं म्हणतेय?"

"तोंडानं नाही म्हणत, एवढंच." काकूंनी हातातलं फडकं झटकलं. "रात्रपाळी काय जगात तू एकटीच करतेस? घे बदलून दिवसाची."

बाटलीची गोष्ट सिस्टरच्या ओठांवर आली. सांगितली तर काकू विरघळतील, हे तिला दिसत होतं. पण काकूंच्या कानात पडलेलं संध्याकाळपर्यंत रेडिओच्या तोंडी येणार आणि सोमवारी इस्पितळाच्या फाटकात. मग झोपेचा प्रश्नच मिटला, घरी बसून चोवीस तास झोपा. तिनं ओठ मिटले.

"मुदत आहे ना पाचपर्यंत?" काकू दार लोटताना म्हणाल्या. "तुझीही खुंटी असेल. मार जा. कुणी अडवलंय?"

सिस्टरची खुंटी आईनं दाराला पाचर म्हणून लावून ठेवली होती. ती काढताना दार धाडकन आपटलं आणि आईनं एवढं मात्र ऐकलं.

"किती गं तुझे डोळे लाल. झोपली नाहीस?"

"झोपू कुठं? तिथं झोके येणार आहेत," सिस्टर आईच्या कानाशी ओरडली.

आई चाचपत खिडकीशी गेली, बराच वेळ खाली बघत राहिली. "आलेत कुठं अजून? आत्ता तर नुसतं गवत आहे." आणि पुन्हा येऊन खाटेवर बसली.

सिस्टर खुंटी हातात धरून उभी राहिली. मग तिनं पेन घेतलं, खुंटीवर बारा लिहिलं, आणि खाली वस्तूच्या जागी लिहिलं, झोप.

पावणेचारला ती गादीची गुंडाळी खांद्यावर टाकून बागेत उतरली. तेवीस अधिक एक अशा चोवीस खुंट्यांच्या बरोबर मध्ये गादी पसरली, उशाशी दगडानं आपली खुंटी ठोकली आणि आडवी झाली. खिडक्या भराभर उघडल्या. "अगं, वेड लागलं का हिला?" "शूटिंग आहे का?" तिला वाटलं, आपण हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, उद्या पोरंसोरं आपल्या पाठीमागं घोरून दाखवतील. आता उठून जावं तर तेही जमेना. तिनं डोळे मिटले.

आणि तिला झोप लागली.

डुलकी म्हणत नाही मी. अशी झोप, की तिच्या गालावर बसलेली माशीसुद्धा पेंगायला लागली. पहिल्या घोरण्याला लंगडा बाक सरळ उभा राहिला. दुसऱ्याला टाकीवरचे कावळे माना पंखांत घालून बसले. भांडायला निघालेले एकोणचाळीस घरांचे लोक खुंट्यांच्या कडेपर्यंत आले आणि तिथंच थांबले, कारण झोपलेल्या माणसाशी भांडायचं कसं, ते कुणालाच येत नव्हतं. जो तो आपोआप हळू बोलायला लागला. मग बोलायचाही थांबला.

पाचाला वीस कमी असताना मोजणीदार आला. त्यानं उशाची खुंटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"झोप ही वस्तू नाही," तो हळूच म्हणाला.

"हवं ते लिहा, असं तुमच्याच कागदावर आहे," कुणीतरी पुटपुटलं.

मोजणीदारानं कागद काढून पाहिला. होतं. तो घामाघूम झाला. "ठीक आहे. पण टिंब द्यायचं तर जागा किती धरू? झोका दोन मीटर, बाक दीड मीटर. झोप किती?"

त्यानं कानामागची पेन्सिल काढून पुन्हा खोचली. शेवटी तो स्वतःच म्हणाला, "आवाज पोचतो तिथवर तिची हद्द. म्हणजे या चोवीसही खुंट्या तिच्या हद्दीत. एका जागेवर दोघांचा हक्क लागला की दोघांनी समोरासमोर बोलून मिटवायचं, हा नियम आहे. ज्याला आपली खुंटी इथं ठेवायची असेल त्यानं पाचच्या आत तिला उठवावं, आणि तिच्या तोंडावर तसं सांगावं."

अशी शांतता पसरली की फितीच्या डबीतली फीत आकसल्याचं ऐकू आलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दारात "माझी एकच तर आहे" म्हणणं सोपं होतं. इथं त्या लाल डोळ्यांच्या बाईला खांद्याला धरून हलवायचं होतं. पावणेपाच झाले. दहा कमी झाले.

रेडिओ पुढं झाला. तो वाकला, त्यानं तोंड उघडलं, आणि वस्तीनं कान झाकले. पण तोंडातून काही बाहेर पडलं नाही. तोंड मिटून त्यानं स्पीकरची खुंटी दोन्ही हातांनी धरली आणि उपटली. माती कुरकुरली तर त्यानं मातीकडे डोळे वटारून पाहिलं. मग झोका निघाला. दुसरा झोका. एकानं तांब्याभर पाणी आणून मुळाशी ओतलं, म्हणजे आवाज नको. चपला काढून माणसं आत येत होती, दात उपटावेत तशा खुंट्या उपटत होती आणि पोटाशी धरून टाकीकडे नेत होती. पाचाला दोन मिनिटं राहिली तेव्हा गादीजवळ एकच खुंटी उरली. घसरगुंडी, घर नंबर सात.

मोठ्या काकू हाताची घडी घालून उभ्या होत्या. उठवायला निघाल्या असत्या तर त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती, आणि त्या निघाल्याच. थेट गादीपाशी गेल्या, सिस्टरच्या तोंडावर वाकल्या. मोजणीदारानं घड्याळ वर धरलं. आणि तेवढ्यात सिस्टरनं झोपेतच असं एक घोरणं सोडलं, की काकूंचा पदर उडाला, त्या दोन पावलं मागं कोलमडल्या, धरायला म्हणून त्यांनी खुंटी पकडली आणि खुंटी उपटून हातात आली. सिस्टर या कुशीवरून त्या कुशीवर वळली आणि थेट दुसऱ्या दिवशी...

"पुरे," ऐकणाऱ्यांच्या मागून मोठ्या काकू म्हणाल्या. केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. "खोटं आहे. ती घोरत नव्हती. झोपलीच नव्हती ती. मी वाकले तेव्हा डोळे सताड उघडे होते तिचे. माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही, मीही नाही. खुंटी माझ्या हातानं काढली मी, आणि माझ्या ओट्यासमोर नेऊन ठोकली."