शिळ्या पाण्याची बादली

मी एक जुनी काचेची पेटी आहे, मित्रांनो. दुकानदार मला फिशटँक म्हणाला, योगिनी नुसतं ‘टँक’ म्हणायची आणि तिचे बाबा म्हणायचे ‘ते डबडं’. डबडं! चारही बाजूंनी आरपार काच, एका कोपऱ्याचा एवढासा टवका सोडला तर अंगावर ओरखडा नाही, आणि मी डबडं? पण जाऊ द्या. त्या माणसावर आता माझा राग उरलेला नाही. का उरला नाही, तेच सांगते.

माझा जन्म चिखलीचा. बाजारात फोटोंना फ्रेमा करून देणारं एक दुकान होतं, तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने मला बनवलं. काचा कापल्या, कडा घासल्या, सांधे चिकटवले, मग मला काठोकाठ भरून दिवसभर समोर ठेवून बघत बसला. एक थेंब गळला नाही तेव्हा स्वतःशीच म्हणाला, “वा रे वा!” आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी गेले एका डॉक्टरांच्या दवाखान्यात. काय मान होता माझा! सुईच्या भीतीने भोकाड पसरलेली पोरं माझ्यापुढे आली की गप्प. नाक चपटं होईस्तोवर काचेला चिकटून बसायची. आया म्हणायच्या, “पाह्य रे, कशी मासोयी जाते!” मला वाटायचं, हे असंच चालणार. पण डॉक्टर मोठ्या शहरात गेले आणि मला ठेवलं गच्चीवर. माझ्यात कोणी जुनी कॅलेंडरं टाकली, कोणी मोडकी छत्री. कबुतरांनी तर विचारूच नका काय केलं. उन्हाळे आले, गेले. रिकाम्या काचेकडे कोणी बघत नाही, मित्रांनो. बघतात ते तिच्या पलीकडे. मला फार एकटं वाटायचं.

दवाखान्यात केसपेपर काढून देणाऱ्या सिंधूताई होत्या. त्यांच्या शेजारी राहणारी योगिनी तेव्हा नववीत होती. तिला कुठूनसं माशांचं वेड लागलं होतं. सिंधूताईंनी इमारतीच्या मालकाला विचारलं आणि मला तिच्या हवाली केलं. पोरीने मला दुपारभर घासलं. कबुतरांची सगळी कृपा खरवडून काढली. मी पुन्हा चकचकीत झाले तेव्हा ती माझ्यात वाकून बघत हसली, आणि मलाच रडू यायचं बाकी राहिलं. मग तिने माझ्यात मासे आणून सोडले, एक नारिंगी आणि बाकीचे काळे.

घर लहानसं. योगिनीचे बाबा गजेंद्रभाऊ भाजीवाले. सकाळी अंधारात उठून हर्राशीला जायचे, लिलावात भाजी घ्यायचे आणि बाजारात दुकान मांडायचे. आई जयमालाबाई घर बघायची आणि गर्दीच्या वेळी दुकानावर बसायची. गजेंद्रभाऊंची भाजी साऱ्या बाजारात उठून दिसायची, कारण ते तिच्यावर सारखं पाणी शिंपडायचे. मेथी मलूल झाली की ओलं गोणपाट, कोथिंबीर सुकली की पाण्याचा शिपका. ताजं पाणी मारलं की मेलेली भाजी जिती होते, असं ते गिऱ्हाइकांना हसून सांगायचे.

आणि चिखलीला नळ रोज येत नाहीत. येतात तेव्हा घराघरात लगीनघाई. आधीचं उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं, ड्रम, गुंड, हंडे राखेने लखलखीत घासायचे आणि नवं पाणी भरायचं. त्या घरात शिळं पाणी म्हणजे फेकायचं पाणी. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

योगिनीचं मात्र उलटं. ती नळाला पाणी आलं की एक बादली भरून अंगणात उघडी ठेवायची. ऊन खाऊ द्यायची, वारं लागू द्यायची. मग त्या शिळ्या पाण्यातलं थोडं थोडं माझ्यात घालायची. माझं सगळं पाणी तिने एकदम कधीच बदललं नाही. नळाच्या ताज्या पाण्यात औषधाची पावडर असते. माणसांना ती चांगली, माशांच्या कल्ल्यांना जाळते. उघडं ठेवलं की तिचा जोर जातो. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं. बाबांना नव्हतं.

बाबांचा माशांवर पहिल्या दिवसापासून राग. “जीव कोंडून ठेवाचा अन् त्याले शौक म्हणाचं? अभ्यास सोडून हे काय करून राह्यली वं तू?” असं रोजचंच चालायचं. योगिनी ऐकून घ्यायची. पण एकदा नळाला करंगळीएवढी धार आली. ड्रम अर्धासुद्धा भरला नाही आणि अंगणात माशांची बादली भरलेली! गजेंद्रभाऊ दुकानावरून तापून आले होते. ते कडाडले, “इथं माणसाले प्याले पाणी नाही, माह्या भाजीले शिपका माराले पाणी नाही, अन् तू माशांसाठी बादली शिळी करत बसली?”

“बाबा, ऐका ना, त्या पाण्यातलं औषध—”

“मले नको शिकवू! आजपासून या माशांचं नावच माह्यासमोर काढाचं नाही!”

योगिनीचे डोळे भरले. “नाही काढत,” ती म्हणाली. पोरगी बापावरच गेलेली. तिने खरंच त्यानंतर बाबांसमोर माशांचा एक शब्द काढला नाही. बाबांनीही नाही. एकाच खोलीत बाप-लेक जेवायचे, मध्ये मी, आणि माझ्याबद्दल कोणी अवाक्षर बोलायचं नाही. माशांची काळजी आईला हळूच सांगितली जायची. गच्चीवर बरी होते म्हणायची पाळी माझ्यावर आली.

दहावी झाली आणि योगिनी अकरावीला बुलढाण्याला गेली, वसतिगृहात. जाताना आईला सगळं समजावून सांगितलं. मग बॅग उचलायच्या आधी माझ्या काचेवर तळवा ठेवला आणि पुटपुटली, “सांभाळ वं या माशांले.” ती माझ्याशी बोलली, मित्रांनो. आजवर माझ्याबद्दल पुष्कळ जण बोलले होते. माझ्याशी बोललेली ती एकटीच.

पावसाळ्यात जयमालाबाईंना माहेरी, जानेफळला, जावं लागलं. त्यांची आई पाय घसरून पडली होती. निघताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, “माशांले चिमूटभर दाणे टाकत जा. मी चार रोजात येतोच.” पण म्हातारीचं हाड मोडलेलं निघालं आणि त्यांचा मुक्काम लांबत गेला.

घरात उरले गजेंद्रभाऊ आणि मी.

दुपारी ते घरी यायचे, कुलूप काढायचे आणि दारातूनच आत हाक मारायचे, “आलो बुवा.” मग त्यांच्या लक्षात यायचं की घरात कोणी नाही. सकाळची थंड भाकर भाजीशी लावून खायचे आणि पलंगावर बसून भिंतीकडे बघायचे. आधी दाणे टाकायचे ते तोंड फिरवून, जणू मीठ फेकतात. मग एक दिवस नारिंगी मासा वर आला आणि त्यांच्या बोटाला लुचला. “अरे बाप्पा!” ते दचकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम बोट पाण्यात धरलं.

त्यानंतर काय विचारता! नारिंगी माशाचं नाव पडलं गाजर. मॉली जातीच्या काळ्या मासोळ्या होत्या, त्या झाल्या वांगी. भाजीवालाच तो, नावं दुसरीकडून कुठून आणणार? “काय रे गाजऱ्या, जेवला का? आज बजारात मंदी होती बुवा. टमाटे कोणी हाती धरेना.” स्टूल ओढून माझ्यासमोर बसायचे. कधी म्हणायचे, “योगी तुमच्याशी अशीच बोलत असन, नाही?” आणि आणखी एक दाणा टाकायचे.

संध्याकाळी तिचा फोन यायचा.

“बाबा, जेवले का?”

“हाव. तू?”

“हाव.”

तिला विचारायचं असायचं, मासे कसे आहेत. मी शपथेवर सांगते, तिच्या श्वासात ते मला ऐकू यायचं. आणि त्यांना सांगायचं असायचं, गाजर माह्या बोटाले ओळखते. पण नाव काढायचं नाही असं ठरलेलं. तिने काढलं नाही. त्यांनी काढलं नाही. “ठेवू का मंग?” “ठेव.” फोन बंद. अहो, एका शब्दाचं काम होतं! मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

मग एका सकाळी नळ आले, भरभरून. गजेंद्रभाऊ एकटेच धावपळ करत होते. ड्रम घासला, गुंड घासला. मग माझ्यासमोर येऊन थांबले. माझं पाणी जयमालाबाई गेल्यापासून बदललेलं नव्हतं, जरा हिरवट झालं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला. “किती रोजचं शिळं पाणी पेऊन राह्यले बिचारे! अन् मी मस्त ताजं पितो.”

मी काय करणार? त्यांनी मासे अलगद परातीत काढले. माझं सगळं पाणी ओतून दिलं. मला राखेने घासलं, इतक्या मायेने की योगिनीनेसुद्धा तसं घासलं नसेल. आणि अजून पिण्याचं पाणी भरायचं बाकी असताना, नळाखालची पहिली स्वच्छ बादली आणून माझ्यात ओतली. पुन्हा एक. काठोकाठ. मग मासे सोडले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “घ्या. मजा करा आता.” एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

दुपारी ते परतले तेव्हा गाजर पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. वांगी तळाशी आडवी झाली होती. आणि त्या भल्या माणसाने तेच केलं जे तो जन्मभर करत आला होता. मलूल भाजीला करतात तेच. ताजं पाणी आणलं. वरून शिपके मारले. थोडं काढून आणखी ताजं घातलं. “उठ रे गाजऱ्या. उठ ना बाप्पा.” जितकं ताजं पाणी आत येत होतं तितके मासे जळत होते. ते माझ्या पोटात जळत होते, आणि मला बोलता येत नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या आत सगळे गेले.

त्यांनी मासे अंगणातल्या मिरचीच्या झाडाखाली पुरले. फोन वाजला. “बाबा, जेवले का?” “हाव,” ते म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नव्हते.

माझ्यातल्या हवेच्या पंपाचं बटण त्यांनी बंद केलं नाही. रिकाम्या पाण्यात बुडबुडे येत राहिले. जयमालाबाई परत आल्या, बघितलं, आणि पदर तोंडाला लावून खाली बसल्या. त्यांनी नवऱ्याला औषधाचं सांगितलं, बादलीचं सांगितलं. गजेंद्रभाऊ म्हणाले, “तिले तू सांग.” त्या म्हणाल्या, “मी नाही सांगत. तुमचं तुमी सांगा.”

दिवाळीला योगिनी आली. चपला काढायच्या आधी माझ्याकडे धावली. आत वाकून बघितलं. दगडांमागे बघितलं. पुन्हा बघितलं.

“कुठी गेले?”

गजेंद्रभाऊ दारातच उभे होते. “मी मारले वं पोरी,” ते म्हणाले. “ताजं पाणी टाकलं. मले वाटलं, माह्या भाजीले चालते तं त्यायले काऊन नाही चालणार.”

ती त्यांच्याकडे वळली. “बाबा, मले इचारलं काऊन नाही? रोज तं फोन करत होती मी!”

“कोणत्या तोंडानं इचारू? नाव नको काढू म्हणून मीच म्हटलं होतं नं.” आणि तो दणकट माणूस माझ्या काचेला टेकून रडला. “गाजर माह्या बोटाले लुचे वं.”

“कोण गाजर?” तिने विचारलं. मग तिला कळलं. ती बाबांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि रडत रडत म्हणाली, “सांगा ना. कसा लुचे?” त्यांनी सांगितलं. बोट धरून दाखवलं. माशांवर त्या घरात इतकं बोलणं माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदाच झालं, आणि ऐकायला मासे नव्हते.

सुट्टी संपली, ती गेली. नवे मासे काही आले नाहीत. माझ्यातलं पाणीही काढून टाकलं, मी रिकामीच राहिले, आणि घर पुन्हा गप्प झालं. पण आता नळ आले की गजेंद्रभाऊ आधी एक बादली भरतात आणि अंगणात उघडी ठेवतात. कोणाला हात लावू देत नाहीत. शेजारीण म्हणाली, “भाऊ, शिळं झालं, फेका ते.” तर तिच्यावरच डाफरले.

मित्रांनो, मी काच आहे. मला सगळं दिसतं आणि काहीच सांगता येत नाही. तुम्हाला तर तोंड आहे. ज्याच्यावर माया कराल त्याला काय हवं, काय सोसतं, ते आधी विचारून घ्या. आणि रागाच्या भरात कोणाला ‘हे नाव काढू नको’ म्हणाला असाल, तर आजच जा आणि ते नाव तुम्हीच काढा.

काल संध्याकाळी फोन वाजला. “बाबा, जेवले का?” “हाव,” गजेंद्रभाऊ म्हणाले. मग अंगणातल्या बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“योगी, ते पाणी उन्हात ठेवलं होतं वं मी. आता टाकू का टँकमंदी?”



“टाका, बाबा,” ती म्हणाली. “पण हळूहळू टाका.”

त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि दुसऱ्या हाताने बादली आत आणून एकेक तांब्या माझ्यात ओतू लागले.