जीभबाईची खारी बिस्किटं

कारखान्यात तिला सगळे जीभबाई म्हणायचे, आणि ते काही टिंगलीनं नव्हे. बिस्किटांचा घाणा भट्टीतून बाहेर आला की पहिला तुकडा तिच्या तोंडात जायचा. तिनं मान हलवली की माल पाकिटात, नाक मुरडलं की सगळा घाणा बाद. मालकांचीसुद्धा त्यावर बोलायची टाप नव्हती. आणि नेमकी या बाईची चव जावी! थंडीत ताप आला, ताप उतरला, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कसलं डोंबल येतंय!

तिनं हे कुण्णाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुकडा तोंडात टाकायचा आणि हळूच भट्टीवाल्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. तो बिचारा सरळ माणूस, माल बिघडला की त्याचं तोंड आधीच उतरलेलं असायचं. तेवढ्यावर तिनं दिवस ढकलले. पण आता मालकांना नवीन बिस्किट हवं होतं, तिच्या हातचं, आणि उद्या ते सगळ्यांसमोर चाखायचं होतं. तिथे भट्टीवाला काय करणार कप्पाळ! जिभेवर पोट भरणारी बाई ती. ही नोकरी गेली तर दुसरीकडे कोण उभं करणार!

सुट्टीच्या दुपारी तिनं घरीच घाट घातला. शेंगदाणे आणि मिरीची खारी बिस्किटं. जीभ नाही तर नाही, हात आहेत ना, डोळे आहेत ना! मीठ काट्यावर तोललं, मिरी तोलली. रंग नजरेनं जोखला. एक बिस्किट कानाशी धरून मोडलं, तर कसं कट्कन वाजलं. "जमलं की गं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला जरा हलकं वाटलं.

ताटली घेऊन ती बाहेर आली. नवऱ्यानं एक तोंडात टाकलं, दोनदा चावलं, थांबला आणि घटाघटा पाणी प्यायला.

"मी नंतर खातो," तो म्हणाला.

मग सासूबाईंनी घेतलं. लग्न होऊन आल्यापासून या बाईंनी सुनेच्या हातच्या कशालाच बरं म्हटलेलं नव्हतं. भाजीत मीठ कमी, चहात साखर कमी, आणि वर, "जगाचा माल पास करते, घरच्यांना अळणी घालते" हे ठरलेलं. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं.

"छान झालीत गं," त्या म्हणाल्या. आणि दुसरं उचललं.

तिनं ताटली खाली ठेवली. ती खुर्चीवर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "खरं सांगा. काय झालंय?"

तो खाली बघत म्हणाला, "शेंगदाणे खवट आहेत. भाजताना घरभर वास सुटला होता. तुला नाही आला?"

तोलायचं ते सगळं तिनं तोललं होतं. खवटपणा कुठल्या काट्यावर तोलायचा? एवढी वर्षं दुसऱ्यांचे घाणे बाद केले, आणि ते कडवट शेंगदाणे तिनं स्वतःच्या हातांनी मन लावून कुटले होते. तिला रडू आवरेना.

"तापापासून ना?" सासूबाईंनी विचारलं. "मला वाटलंच. परवा दूध नासलं होतं, आणि तू कपभर प्यायलीस."

"मग बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी तिसरं बिस्किट उचललं. त्या ते चावत राहिल्या. घशाखाली उतरत नव्हतं, तरी खात होत्या.

"नका ना खाऊ!" तिनं ताटली ओढली. "नावं ठेवा ना मला! रोज ठेवता तशी ठेवा!"

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"कशाला गं बाळा," त्या हळूच म्हणाल्या, "उद्या मालक ठेवणारच आहेत."