शामकलेच्या टाळूवरची प्लेट

मित्रांनो, प्लेट म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे फराळाची बशी येईल. मी ती नव्हे. मी दात सरळ करणारी, टाळूवर बसणारी तांबूस रबराची प्लेट आहे. माझ्या पुढच्या बाजूला कमानीसारखी वळवलेली एक पोलादी तार आहे आणि दोन्ही कडांना दाढा धरून ठेवणारे दोन आकडे आहेत. आज माझे वय बारा वर्षांचे. एवढ्या वयात तुम्ही झाडावर चढता. मी मात्र कधीच म्हातारी झाले.

माझा जन्म नागपूरला, एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत झाला. ते १९३५ साल होते. मला घडवणारे कवडू मिस्त्री आधी सोनारकाम करत, त्यामुळे त्यांचा हात फार हलका होता. डॉक्टरांनी एका मुलीच्या तोंडाचा ठसा घेतला, त्यावरून प्लास्टरचा साचा झाला आणि त्या साच्यात गंधक मिसळलेले रबर भरून मिस्त्रींनी मला लोखंडी डब्यात वाफेवर शिजवले. बाहेर आले तेव्हा मी अगदी खरखरीत होते. मिस्त्री दोन दिवस मला कानशीने घासत बसले. मग डोळे मिटून माझ्या कडांवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "माझ्या बोटाले जे कळते, ते पोरीच्या जिभेले टोचते." बोटाला काही कळेनासे झाले, तेव्हाच त्यांनी मला खाली ठेवले.

ती पोर म्हणजे गोंदियाजवळच्या कुडव्याची शामकला. वय बारा. तिचे वडील केवलराम गोंदिया स्टेशनात पार्सल बाबू होते आणि तिचे काका शालीकराम घरची धानाची शेती पाहत. सगळे एकाच घरात राहत. शामकलेचे वरचे दात इतके पुढे होते की ओठ मिटतच नसत, आणि खालचे दात प्रत्येक घासाला टाळूत रुतत. ती एका बाजूने, हळूहळू जेवायची. बोलताना तोंडापुढे हात धरायची. हा हात तिला इतका सवयीचा झाला होता की घरात एकटी असली तरी तो वर जायचा.

डॉक्टरांनी मला तिच्या टाळूवर बसवले आणि केवलरामांना बजावले, "दीड वर्ष लागेल. जेवताना काढायची, धुवायची, लगेच पुन्हा घालायची. महिन्यातून एकदा तार आवळायला घेऊन या. आठवडाभर जरी बाहेर राहिली, तरी दात आपल्या जुन्या जागी परततील आणि मग ही बसणार नाही. सगळे पहिल्यापासून करावे लागेल."

पहिले काही दिवस आम्हा दोघींनाही कठीण गेले. तिच्या तोंडाला सारखे पाणी सुटे आणि ती 'स' म्हणायला गेली की 'श' उमटे. पण पोर जिद्दीची होती. आषाढात तिच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये करंगळी मावत होती. दसऱ्यापर्यंत तिथे जेमतेम पेन्सिल जाऊ लागली. केवलराम दर रविवारी पेन्सिल लावून पाहत आणि मान डोलवत. मला त्या मान डोलवण्याचा मोठा अभिमान वाटे.

मग कार्तिक आला. धानाची कापणी सुरू झाली, घरामागच्या खळ्यावर भाऱ्यांचे पुंजणे म्हणजे उंच ढीग उभे राहिले आणि हवेत बारीक, पिवळी धूळ तरंगू लागली. शामकलेला शिंका सुरू झाल्या. दरवर्षी कापणीच्या दिवसांत तिला असेच होई. नाक चोंदे, डोळे खाजत, घसा खवखवे. महिना गेला की आपोआप बरे वाटे, म्हणून कोणी फारसे मनावर घेत नसे. पण या वर्षी तिच्या तोंडात मी होते.

नाक बंद झाल्यावर ती तोंडाने श्वास घेऊ लागली. तोंड कोरडे पडले. कोरडी मी टाळूला चिकटले आणि हिरड्यांना घासू लागले. प्रत्येक शिंकेला मला हादरा बसे आणि माझ्या तारेचे टोक तिच्या गालाला आतून ओरखडे. मला ते कळत होते, पण मी स्वतःला आवरणार कशी? शाळेत बाईंनी दोनदा सांगितले, "शामकला, तोंड मिटून बस." तिने तोंड मिटले. थोड्याच वेळात तिचा जीव गुदमरला आणि तिने मोठ्याने श्वास ओढला, तेव्हा सगळा वर्ग हसला.

त्या दिवशी घरी येताच तिने मला काढले आणि कोनाड्यात कुंकवाच्या करंड्यामागे लपवले. मी तिथे तीन दिवस पडून होते. माझ्यावर धूळ बसली. चौथ्या दिवशी तिच्या आईला, सुशीलाबाईंना, करंडा उचलताना मी दिसले.

"काऊन काढली व ही?"

"माय, श्वास घेता येत नाई," शामकला रडू लागली. "गाल सोलून निघाला. मले नाई घालाची."

सुशीलाबाईंनी तिचा गाल ओढून आत पाहिले. आत लाल फोड आला होता. त्या संतापल्या. "मंग फेक तो लोखंड! अशीच बरी होती तू."

केवलराम ड्युटीवरून आले तेव्हा त्यांना हे सगळे कळले. ते ओरडले नाहीत. मला हातात घेऊन ते एवढेच म्हणाले, "डॉक्टरनं सात दिवस सांगितले होते. तीन तं गेले." आणि पायरीवर बसून राहिले.

अंगणात पाय धूत असलेल्या शालीकरामांनी हे बोलणे ऐकले. मित्रांनो, या माणसाविषयी थोडे सांगितले पाहिजे. शालीकराम धानाचे शेतकरी, पण धानाच्या धुळीने त्यांनाही अशाच शिंका येत. गावात लोक त्यांची थट्टा करत. ते हसून सोडून देत आणि आपले उपाय आपणच करत. वीस वर्षे त्यांनी त्या त्रासाबद्दल कोणापाशी चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी प्रथमच ते बोलले.

"पोरीले तोंड मिट म्हनून राहिले सगरे. नाक बंद असन तं तोंड मिटन कसं? आधी नाकाचं पाहा. ये व शामकला, इकडं बस."

त्यांनी पाणी कोमट करवले आणि त्यात मीठ टाकले. पाणी चाखून पाहिले. "डोऱ्यातल्या आसवाएवढं खारट पाहिजे, जास्त नाई." मग तिला पुढे वाकायला लावून तोटीच्या छोट्या लोट्याने एका नाकपुडीत पाणी सोडले. ते दुसरीतून बाहेर आले. शामकला खोकली, रागावली, पण थोड्या वेळाने तिने नाकाने एक लांब श्वास घेतला आणि चकित होऊन काकांकडे पाहिले. त्यांनी तिळाच्या तेलाचे बोट तिच्या नाकपुड्यांच्या आतून फिरवले. मग ते तिच्या अंथरुणाकडे गेले. थंडीसाठी त्याखाली नवी कोरी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरली होती. ती सगळी त्यांनी उचलून बाहेर टाकली. "या तनशीच्या धुरीवर झोपते आन शिंका काऊन येते म्हनून विचारते!"

राहिले माझे काम. देवरीकडच्या जंगलातून आणलेल्या मधाच्या पोळ्याचे मेण घरात होते. त्याची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करून त्यांनी माझ्या टोचणाऱ्या टोकावर दाबून बसवली. मला मिठाच्या पाण्यात धुतले, ओले केले आणि तिच्या हातात दिले. "कोरडी घालू नको. घोट घोट कोमट पानी पीत जाजो. दोन दिवस पेजच खाजो. आन धानाच्या खऱ्यावर येशीन तं नाकातोंडाले ओला दुपट्टा बांधूनच येजो."

मी बसले, पण घट्ट बसले. तीन दिवसांतच दात थोडे सरकले होते. ती कण्हली. सुशीलाबाईंनी तोंड फिरवले. तरी दुसऱ्या दिवशी दुखणे कमी झाले आणि आठवड्याने गालाचा फोडही सुकला. मी कोरडी पडेना, आणि ती मला घालून पुन्हा शाळेत जाऊ लागली.

इथेच सगळे सुरळीत झाले असते. पण मार्गशीर्षात एके दिवशी भर दुपारी आभाळ भरून आले. खळ्यावर धान पसरले होते आणि चार बैलांची पात त्यावर फिरत होती. घरचा गडी दुधराम बैल हाकत होता. पाऊस यायच्या आत मळणी उरकायची घाई होती. शामकला सगळ्यांना पाणी द्यायला आली. काकांनी काहीतरी विचारले, उत्तर देण्यासाठी तिने दुपट्टा खाली ओढला, आणि तिला एकामागून एक तीन शिंका आल्या. तिसऱ्या शिंकेला मी तिच्या तोंडातून उडाले आणि बैलांच्या पायांत, तणशीत जाऊन पडले.

एक खूर माझ्या शेजारी रुतला. दुसरा माझ्या तारेवर पडला. खाली तणस जाड होती, म्हणून माझे तुकडे झाले नाहीत. वर बैलांची पोटे आणि काळे ढग दिसत होते. मला वाटले, संपले आपले आयुष्य.

"बैल थांबव!" शालीकराम ओरडले.

दुधरामने बैल थांबवले, पण तो घाबरला होता. "मालक, ढग पाहा न. घंट्याभरात पानी येते. धान चुरून घेऊ, मंग शोधू."

"मंग काय शोधाचं? तिचाच चुरा होऊन जाईन. सोड बैल."

शामकला तोंडावर हात धरून उभी होती. "राहू द्या काकाजी. धान भिजन."

"धान पुढच्या साली बी होईन," शालीकराम म्हणाले. त्यांनी तोंडाला दुपट्टाही बांधला नाही. तसेच गुडघ्यांवर बसून ते मूठमूठ तणस उचलून झाडू लागले. धुळीने त्यांचे डोळे सुजले. ते शिंकत होते, पुन्हा शोधत होते. दुधराम दुसऱ्या बाजूने शोधू लागला. आवाज ऐकून घरातून सुशीलाबाई धावत आल्या. काय झाले ते कळताच त्या परत फिरल्या. शामकलेला वाटले, माय रागावून गेली. पण त्या सूप घेऊन आल्या आणि एका कडेला बसून खालचे धान सुपात घेऊन पाखडू लागल्या. पहिले सूप, दुसरे सूप. किती सुपे झाली कोण जाणे. आभाळात गडगडले. आणि मी दाण्यांबरोबर त्यांच्या सुपात उडाले.

"सापडली! सापडली व माय!" असे म्हणत त्यांनी मला लुगड्याच्या पदराने पुसले. मला फेकून द्यायला याच बाईंनी सांगितले होते. आता त्यांनीच मला लेकीच्या ओंजळीत ठेवले.

पाऊस आला. अर्धे धान झाकले, अर्धे भिजले. भिजल्या धानाचा तांदूळ पिवळट पडला आणि त्याला वास येऊ लागला. तो विकण्याजोगा नव्हता, म्हणून फाल्गुनापर्यंत घरच्यांनीच तो खाल्ला. ताट पुढे आले की शामकला मान खाली घालायची. शालीकराम मात्र दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचे. एकदा ती पुटपुटली, "माझ्यापायी झालं." ते म्हणाले, "जेव चुपचाप. भातच आहे."

माझी तार वाकली होती. दुसऱ्याच दिवशी केवलरामांनी रजा काढून आम्हाला नागपूरला नेले. कवडू मिस्त्रींनी मला भिंगाखाली धरले. "हा कायचा ओरखडा जी?"

"बैलानं तुडवली," केवलराम म्हणाले.

"माणसाचेच दात सरळ करतो मी. बैलाले कायले घातली?" मिस्त्री हसले, आणि शामकलाही हसली. त्या वेळी तिचा हात तोंडाकडे गेला नाही. तिच्या ते लक्षातही आले नाही. केवलरामांच्या मात्र आले, कारण त्यांनी घाईने चष्मा काढून पुसला.

पुढच्या वर्षी आम्ही कार्तिकाची वाट पाहत बसलो नाही. आश्विनापासूनच रोज सकाळी काका आणि पुतणी अंगणात शेजारी शेजारी वाकून नाक धुवायचे. येणारे-जाणारे हसत. ही दोघेही हसत, आणि मग नाकात गेलेल्या पाण्याने दोघांनाही ठसका लागे. शिंका आल्याच, पण तिने मला एकही दिवस काढून ठेवले नाही. त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी काम पूर्ण झाल्याचे सांगितले. नागपूर स्टेशनवर केवलरामांनी तिला पेरू घेऊन दिला. शामकलेने तो पुढच्या दातांनी कच्चकन चावला. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा मी तिच्या पिशवीत, डबीत होते. तो आवाज मी डबीतून ऐकला.

नंतर काही महिने ती मला फक्त झोपताना लावायची. मग तेही सुटले. पुढची अनेक वर्षे मी एका पेटीच्या तळाशी पडून होते. कोणी उघडून पाहिले नाही. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटायचे.

आज शामकलाबाई सडक अर्जुनीला मुलींच्या शाळेत शिकवतात. कापणीचे दिवस आहेत. मागच्या सोमवारी वर्गातली प्रेमिला नावाची मुलगी तोंड उघडे टाकून बसली होती आणि बाकीच्या तिला चिडवत होत्या. बाईंनी तिला कोमट पाणी दिले, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या पेटीतली माझी डबी शाळेत आणून मला सगळ्यांच्या हातात दिले. मुलींनी मला उलटून पालटून पाहिले, एकीने वासही घेतला.

मित्रांनो, तुमच्या तोंडात माझ्यासारखे काही असेल, तर त्याला धुवा, कोरडे पडू देऊ नका आणि टोचले तर लपवून ठेवू नका, सांगा. आणि एखाद्याचे तोंड उघडे दिसले, तर हसण्याआधी त्याचे नाक मोकळे आहे का ते विचारा.

मी आता कोणाच्याच तोंडात बसत नाही. ज्या एका तोंडासाठी मला घडवले, त्यातही नाही. काल शामकलाबाईंनी सहज मला टाळूला लावून पाहिले. जबडा वाढला होता, माझे आकडे दाढांवर बसेनात, पण दात होते तसेच सरळ होते. त्या हसल्या, आणि त्यांनी मला धुऊन, पुसून उन्हात ठेवले.